पाण्यावरचा रंग आणि लोखंडाचा गंज : कमी उत्सर्जनाच्या लेपांची गंजरोधकता टप्प्याटप्प्याने कशी वाढवावी

पेरण्या उरकल्यावर शेडखाली उभ्या केलेल्या ट्रॅक्टरच्या खतपेरणी यंत्राकडे एकदा नीट पाहावे. बियाण्याची पेटी बहुधा धड असते. शेजारच्या खताच्या पेटीचे मात्र तळाचे कोपरे, वेल्डिंगची शिवण आणि बोल्टच्या भोवतालची जागा एका हंगामातच तांबूस झालेली दिसते. दोन्ही पेट्यांचा पत्रा एक, रंग एक आणि रंगवणारा हातही एकच. फरक एवढाच, की एका पेटीत क्लोराइड असलेले म्युरेट ऑफ पोटॅश किंवा त्याचे मिश्रखत राहते, ते हवेतील ओल ओढून घेते आणि ते खारे पाणी कोपऱ्यात साचते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत अशी अवजारे बनवणाऱ्याने थिनरचा रंग सोडून पाण्यावरचा रंग धरला, की पहिली तक्रार याच कोपऱ्यांविषयी येते आणि दोष रंगाच्या डब्याला दिला जातो.

ही तक्रार निराधार नाही. थिनरवरच्या अल्किड रंगातून लिटरमागे साधारण ३५० ते ४५० ग्रॅम सेंद्रिय द्रव्ये हवेत जातात, तर चांगल्या पाण्यावरच्या प्रायमरमध्ये हा आकडा ५० ते १५० ग्रॅमच्या आसपास असतो. कामगाराच्या श्वासासाठी आणि आगीच्या धोक्यासाठी हा फरक मोठा आहे. पण ज्या युक्त्यांनी राळ, म्हणजे रंगाचा थर बांधणारा चिकट घटक, पाण्यात तरंगत ठेवली जाते, त्याच युक्त्या वाळलेल्या थरात पाण्याला वाट करून देतात. म्हणून या लेखातील प्रत्येक पायरीमागे एकच कसोटी आहे : पाण्यात विरघळणारे जे जे काही पत्र्यावर किंवा थरात मागे राहते, ते शोधावे आणि कमी करावे. गंजरोधक रसायन वाढवण्याचा विचार त्यानंतरचा.

गंज थराखाली कसा शिरतो

लोखंड गंजते तेव्हा एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून विरघळतात आणि दुसऱ्या जागी तेच इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजन व पाणी यांचा हायड्रॉक्साइड होतो. या दोन जागांमध्ये धातूतून इलेक्ट्रॉन वाहतात आणि ओलाव्यातून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, वाहतात, तेव्हाच हे विद्युतमंडल पूर्ण होते. रंग पाणी अडवतो अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. इंग्लंडमधील संशोधक मेन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिले, की रंगाच्या थरातून जाणारे पाणी आणि ऑक्सिजन उघडे लोखंड गंजवायला पुरेल इतके असते. थर अडवतो ते मुख्यतः आयनांना. १९४८ मध्ये बेकन, स्मिथ आणि रग यांनी समुद्राच्या पाण्यात बुडवलेल्या अनेक लेपांचा विद्युतरोध मोजला, तेव्हा दर चौरस सेंटीमीटरला दहा कोटी ओमच्या वर टिकून राहिलेले लेप चांगले ठरले आणि दहा लाखांच्या खाली उतरलेले लवकर गेले.

थराखाली मिठाचा कण अडकला असेल तर अवस्था आणखी बिकट होते. मनुका पाण्यात टाकल्यावर फुगतात, त्याच न्यायाने थर पाणी आत घेतो, मीठ बाहेर सोडत नाही आणि फोड उठतो. शिवाय ऑक्सिजनच्या जागेवर तयार होणारा हायड्रॉक्साइड अल्कधर्मी असल्याने थराची पत्र्यावरची पकड सोडवतो. चरा पडलेल्या जागेपासून रंग पापुद्र्यासारखा उचलला जातो तो बहुतांशी यामुळेच.

पहिली पायरी : पत्रा

गरम रोल केलेल्या अँगल-चॅनलवर निळसर काळी मिल स्केल, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडची पापडी, असते. ती घट्ट दिसते, पण तिला तडे असतात, आणि तड्यातील उघडे लोखंड स्केलच्या तुलनेत आधी गंजते. शक्य तेथे शॉट ब्लास्टिंग, म्हणजे छर्ऱ्यांचा मारा, करून पत्र्याच्या स्वच्छतेच्या आयएसओ ८५०१-१ या मानकातील एसए २½ ही प्रत गाठावी. ब्लास्टिंगची सोय नसेल तर ग्राइंडर आणि वायर ब्रशने त्याच मानकातील एसटी ३ या प्रतीपर्यंत जाता येते, मात्र खताच्या पेटीसारख्या कामाला ती प्रत अपुरी पडते. एकूण थर १२० मायक्रॉनचा ठरवला असेल तर ४० ते ५० मायक्रॉनची खडबड पुरेशी आहे. त्याहून खोल केल्यास शिखरे प्रायमरमधून डोके वर काढतात आणि पहिले गंजाचे ठिपके तेथेच उमटतात.

कापलेल्या कडा सुमारे २ मिलिमीटर त्रिज्येने गोल कराव्यात. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो, आणि पाण्याचा पृष्ठताण जास्त असल्याने पाण्यावरच्या रंगात ही खोड अधिक आढळते. वेल्डिंगचे स्पॅटर, म्हणजे उडून चिकटलेले थेंब, छिन्नीने काढावे आणि स्लॅग, म्हणजे शिवणीवरची मळी, पूर्ण झाडावा, कारण फ्लक्सचे अवशेषही विरघळणारेच असतात. तुटक वेल्डिंगऐवजी कोपऱ्यात सलग शिवण घेतल्यास थोडी तार जास्त लागते, पण ज्या फटीत कोणताच रंग पोहोचत नाही ती फटच उरत नाही. ड्रॉइंगमधला एवढा बदल महागड्या प्रायमरपेक्षा अधिक फळ देतो, असे माझे मत आहे.

दुसरी पायरी : तेल आणि धुण्याचे पाणी

थिनरचा रंग थोडेसे तेल स्वतःत विरघळवून घेतो. पाण्यावरचा रंग तेलावरून सरकतो आणि थरात डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. रॉकेल किंवा डिझेलच्या बोळ्याने पत्रा पुसण्याची जुनी सवय म्हणूनच सोडावी लागते, कारण बोळा तेल काढत नाही, पसरवतो. अल्कधर्मी डीग्रीसर वापरावा, तो ५० ते ६० अंशांपर्यंत गरम करावा आणि धुतल्यावर पत्र्यावर पाणी ओतून पाहावे. पाणी सलग चादरीसारखे उतरले तर पत्रा स्वच्छ. थेंब किंवा बेटे दिसली तर पुन्हा धुवावे.

यानंतरचा शेवटचा खळखळ, म्हणजे साध्या पाण्याने खळखळून धुणे, हा मराठवाड्यातील खरा अडथळा आहे. आपल्याकडील बोअरचे पाणी बेसाल्टच्या भेगांतून येते, जड असते, आणि उन्हाळ्यात पातळी खाली गेली की बऱ्याच ठिकाणी आणखी खारे लागते. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात एकूण विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास २००० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पिण्यास चालणाऱ्या पाण्यातही लिटरमागे दोन ग्रॅम क्षार असू शकतात, आणि ते पाणी पत्र्यावर वाळले की क्षार तेथेच राहतात. मी स्वतः एका शेडमध्ये ब्रॅकेटची एक खेप अशीच बोअरच्या पाण्याने धुऊन रंगवली होती. पहिल्या पावसाळ्यानंतर फोड उठले ते नेमके ओघळांच्या रेषेत; पाणी ज्या बाजूने निथळले होते, ती बाजू फोडांवरून ओळखता येत होती. तोवर रंगाच्या पुरवठादाराशी माझा बराच पत्रव्यवहार होऊन गेला होता.

यावर उपाय सोपा आहे. पहिले दोन खळखळ बोअरच्या पाण्याने केले तरी चालतात; शेवटचा मात्र डीएम पाण्याने, म्हणजे बॅटरीत घालतात तशा क्षारमुक्त पाण्याने, करावा. मोठी टाकी परवडत नसेल तर पंपाने फवारून थोड्या पाण्यात काम भागते. भागावरून निथळणारे शेवटचे थेंब स्वच्छ वाटीत धरावेत आणि त्यांची विद्युतवाहकता मोजावी. ती ५० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या आत आली की धुणे पुरे झाले. आरओ दुरुस्त करणाऱ्यांच्या खिशात असतो तो पाण्यातील विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर या कामाला पुरतो. त्यावर साधारण २५ ते ३० हा आकडा दिसला पाहिजे. धुतलेला भाग लगेच गरम हवेने वाळवावा आणि त्यानंतर उघड्या हाताने धरू नये. घामातही मीठ असते, आणि मे महिन्यात तर ते भरपूर असते.

फॉस्फेटिंगची, म्हणजे पत्र्यावर फॉस्फेटचा पातळ थर चढवण्याची, सोय असल्यास आयएस ३६१८ या मानकानुसार करावे, त्याने पकड निश्चित सुधारते. मात्र नीट न धुतलेले फॉस्फेटिंग हे न केलेल्यापेक्षा वाईट.

तिसरी पायरी : रंग निवडणे किंवा बनवणे

तयार रंग घेणाऱ्याने आधी वस्तू कोठे राहणार हे ठरवावे. घरातील कपाटाला एकघटकी ॲक्रिलिक प्रायमर पुरतो. ट्रॉलीच्या साठ्याला स्वतःहून क्रॉसलिंक होणारे, म्हणजे वाळताना ज्याच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात असे, ॲक्रिलिक घ्यावे. खताच्या पेटीला दुघटकी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचे, पाण्यावरचे एपॉक्सी लावावे आणि उन्हात एपॉक्सी खडूसारखे पांढरे पडते म्हणून बाहेरून पॉलियुरेथेनचा वरचा थर द्यावा. रेड ऑक्साइड प्रायमरच्या तांबूस रंगावर विसंबू नये. लाल आयर्न ऑक्साइड केवळ रंग आणि भरण देतो, गंज रोखण्याची रासायनिक क्रिया त्यात नाही. पूर्वीच्या प्रायमरना ती शक्ती शेंदरातून, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडमधून, किंवा झिंक क्रोमेटमधून येत असे. शिसे विषारी आहे, क्रोमेट कर्करोगकारक आहे, आणि त्यांची जागा भरून काढणे हाच आजच्या रंगतंत्रापुढचा प्रश्न आहे.

जे लहान उत्पादक स्वतः रंग घोटतात, त्यांच्यासाठी पुढील क्रम उपयोगी पडेल.

सुरुवात बाइंडरपासून, म्हणजे राळेपासून, करावी, आणि त्याच्या माहितीपत्रकात दोन गोष्टी पाहाव्यात : थर जुळण्याचे किमान तापमान आणि पायसकारकाचे प्रमाण. ॲक्रिलिकचे कण सुटे असतात. पाणी उडाल्यावर ते एकमेकांत मिसळून सलग थर व्हावा लागतो. किमान तापमान जास्त असलेली राळ कठीण आणि पाणी कमी पिणारी असते, पण तिला जुळवून घेण्यासाठी कोअलेसंट, म्हणजे कण मऊ करून जुळवणारे आणि हळूहळू उडणारे द्रव्य, जास्त लागते आणि मग उत्सर्जन वाढते. ही ओढाताण टळत नाही. उत्सर्जन शून्य करण्याच्या हट्टापायी कण अर्धवट जुळलेला थर देण्यापेक्षा लिटरमागे २०–३० ग्रॅम कोअलेसंट मान्य करावे, असा माझा अनुभवाचा कौल आहे. पायसकारक साबणासारखे असते, वाळलेल्या थरात ते कणांच्या सीमांवर साठते आणि पाण्याच्या वाटा तयार करते. म्हणून ते कमी असलेली किंवा राळेशी रासायनिकरीत्या जोडलेली प्रत मागावी.

डिस्पर्संट, म्हणजे रंगद्रव्याचे कण पाण्यात सुटे ठेवणारे द्रव्य, निवडताना सोडियमचे क्षार टाळून अमोनियमचे घ्यावेत, कारण वाळताना अमोनिया उडून जातो, सोडियम मात्र थरात कायम राहतो. रंगद्रव्य आणि फिलर, म्हणजे भरणाची भुकटी, यांचीही परीक्षा करावी. स्वस्त आयर्न ऑक्साइडमध्ये सल्फेटचे अवशेष असू शकतात. १० ग्रॅम भुकटी १०० मिलिलिटर डीएम पाण्यात तासभर हलवून, गाळून, तोच टीडीएस मीटर बुडवावा आणि वेगवेगळ्या पुरवठादारांचे नमुने एकमेकांशेजारी ठेवावेत. या एका तासाच्या परीक्षेत जे कळते ते मिठाच्या फवाऱ्याच्या परीक्षेत (पाचवी पायरी पाहा) कळायला काही आठवडे जातात. रंगात घालायचे पाणीही डीएमच असावे, हे वेगळे सांगायला नको.

सक्रिय गंजरोधक म्हणून झिंक फॉस्फेट रंगाच्या वजनाच्या ५ ते १० टक्के घ्यावे. त्याऐवजी स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनियम पॉलिफॉस्फेट किंवा कॅल्शियमची आयन-विनिमयी सिलिका वापरता येते, आणि बऱ्याचदा दोहोंचे मिश्रण एकट्यापेक्षा बरे ठरते. झिंकचे आयन काही पायसांना फाडतात, म्हणून तयार रंगाचा सीलबंद डबा ५० अंशांवर महिनाभर ठेवून घट्टपणा, कणी आणि सामू तपासावा. अभ्रक, टाल्क किंवा मायकेशियस आयर्न ऑक्साइड यांच्या चपट्या पाकळ्या थरात कौलांसारख्या एकावर एक बसतात आणि आयनांना वळसा घालायला लावतात. ॲल्युमिनियमच्या पाकळ्या पाण्यावरच्या रंगात वापरायच्या असतील तर संरक्षित प्रतीच घ्याव्यात; साधी ॲल्युमिनियम पेस्ट अल्कधर्मी पाण्यात हायड्रोजन सोडते आणि डबा फुगतो.

एकूण घन भागात रंगद्रव्य आणि फिलर यांचा घनफळाने वाटा किती, याला पिगमेंट व्हॉल्यूम कॉन्सन्ट्रेशन, थोडक्यात पीव्हीसी, म्हणतात. तो एका क्रांतिक मर्यादेपलीकडे गेला की राळ कणांमधल्या पोकळ्या भरू शकत नाही आणि थर सच्छिद्र होतो. स्वस्ताईसाठी फिलर वाढवण्याचा मोह होतो तो येथेच नडतो. २०, २५, ३०, ३५ आणि ४० टक्के अशा पाच पायऱ्यांचे नमुने करावेत. फार कमी वाट्याला फोड जास्त आणि फार जास्त वाट्याला गंज जास्त दिसतो. मधली जागा बहुतेक बाइंडरना २५ ते ३५ च्या दरम्यान सापडते.

आता फ्लॅश रस्ट. ओला रंग वाळत असतानाच वेल्डिंगजवळ किंवा ब्लास्ट केलेल्या जागी पिवळे-तपकिरी डाग उमटतात, त्यासाठी सोडियम नायट्राइट किंवा बेंझोएटसारखे द्रव्य घातले जाते. हेही विरघळणारे मीठच आहे, म्हणून ते अंदाजाने ओतू नये. ०, ०.२, ०.४ आणि ०.८ टक्क्यांचे चार नमुने ब्लास्ट केलेल्या पट्ट्यांवर लावून झाकलेल्या डब्यात सावकाश वाळवावेत आणि डाग थांबवणारी सर्वांत कमी मात्रा निवडावी. नायट्राइट आणि दुय्यम अमाइन एकत्र आल्यास नायट्रोसॅमाइन तयार होऊ शकतात, तेव्हा सामू राखण्यासाठी वापरलेला अमाइन कोणता हे आधी पाहावे. सामू ८ ते ९.५ मध्ये ठेवला, तर मात्रा बऱ्याचदा आणखी कमी करता येते.

चौथी पायरी : ऋतू पाहून रंग लावणे

मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पारा ४२ च्या वर असतो, हवा कोरडी असते आणि उन्हातल्या पत्र्याला हात लावता येत नाही. अशा पत्र्यावर रंगाची वरची साय आधी वाळते, खालचे पाणी अडकते, बारीक छिद्रे आणि भेगा पडतात. फवाऱ्याचे थेंब तर पोहोचेपर्यंत अर्धे वाळलेले असतात. काम सकाळी नऊच्या आत उरकावे, पत्रा रात्रभर सावलीत ठेवावा आणि शेडमध्ये जमिनीवर पाणी शिंपडून आर्द्रता ४० टक्क्यांच्या वर आणावी. कूलरचा झोत मात्र थेट कामावर सोडू नये, त्यातले जड पाण्याचे तुषार ओल्या रंगावर बसतात.

पावसाळ्यात उलटे घडते. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की पाणी उडत नाही, पण कोअलेसंट हळूहळू उडत राहते, आणि अखेर पाणी जाते तेव्हा कणांना जुळवणारे काही उरलेले नसते. वरून बरा दिसणारा असा थर नखाने भुकटीसारखा निघतो. येथे हीटरपेक्षा हवेचा प्रवाह उपयोगी आहे. दोन साधे पंखे आणि उघडे एक्झॉस्ट निम्मे काम करतात. हिवाळ्यात परभणीसारख्या ठिकाणी रात्रीचा पारा एक आकडी होतो, त्यामुळे दुपारी लावलेला थर संध्याकाळपूर्वी जुळला पाहिजे. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त असावे, हा नियम बाराही महिने पाळावा.

जाडीचा हिशेब कंगव्याच्या मापकाने ओल्या थरावर करावा. घन भाग घनफळाने ४० टक्के असेल आणि सुका थर ६० मायक्रॉन हवा असेल, तर ओला थर १५० मायक्रॉन लागतो. रंगवणाऱ्याने त्यात १० टक्के पाणी घातले तर घन भाग सुमारे ३६ वर येतो आणि त्याच १५० मधून जेमतेम ५५ मायक्रॉन मिळतात. कडा, शिवणी आणि बोल्टची छिद्रे यांवर आधी ब्रशने एक पट्टी द्यावी, मगच फवारा मारावा. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर बरे, कारण पहिल्याची छिद्रे दुसरा सहसा झाकतो.

दुघटकी पाण्यावरच्या एपॉक्सीबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन भाग मिसळल्यावर रंग वापरण्याची ठरलेली मुदत असते. थिनरच्या एपॉक्सीची ही मुदत संपली की तो घट्ट होऊन स्वतःच सांगतो. पाण्यावरचे अनेक एपॉक्सी मात्र मुदत उलटल्यावरही पातळच राहतात, गनमधून सुरेख निघतात आणि वाळल्यावर पकड देत नाहीत. मिश्रणाची वेळ खडूने डब्यावर लिहावी आणि मुदत संपताच उरलेला रंग कितीही असला तरी बाजूला काढावा. धुण्याचे पाणी नाल्यात सोडू नये. ते वेगळ्या पिंपात निवळू देऊन गाळ आणि पाणी यांची विल्हेवाट प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातील अटींप्रमाणे करावी.

पाचवी पायरी : तपासणी

नमुना पट्ट्या तपासणीपूर्वी सात दिवस साध्या हवेत मुरू द्याव्यात. घाईने तिसऱ्या दिवशी मिठाच्या फवाऱ्यात ठेवलेला पाण्यावरचा रंग हमखास नापास होतो, आणि चांगला नमुना हकनाक बाद होतो. पहिली परीक्षा ओल्या पकडीची घ्यावी : पट्टी २४ तास डीएम पाण्यात बुडवून, पुसून, लगेच चौकटीच्या रेषा मारून टेप ओढावा, आणि दुसऱ्या पट्टीवर तेच एक दिवस वाळवल्यानंतर करावे. ओली असताना पकड गेली आणि वाळल्यावर परतली, तर थर पाण्याने मऊ होतो आहे, म्हणजे बाइंडर किंवा पायसकारक पाहावे. वाळल्यावरही परतली नाही, तर पत्र्याची धुलाई पाहावी.

मिठाच्या फवाऱ्याची परीक्षा, म्हणजे एएसटीएम बी ११७, ३५ अंशांवर ५ टक्के मिठाच्या द्रावणाचा अखंड फवारा मारते. आपल्या हवेत पट्टी भिजते आणि वाळते, त्यामुळे या परीक्षेतील तासांवरून शेतातील वर्षे काढता येत नाहीत. झिंक फॉस्फेट तर फारच थोडे विरघळत असल्याने फवाऱ्यात मागे पडते आणि उघड्यावर चांगले टिकते. केवळ या परीक्षेच्या तासांवर रंग ठरवणारा खरेदीदार अधिक विरघळणारे, म्हणून उघड्यावर फोड आणणारे रसायन निवडण्याची शक्यता असते. ओले-कोरडे चक्र असलेली परीक्षा परवडत असेल तर ती घ्यावी. नसेल तर चरा मारलेल्या तीन-तीन पट्ट्या तयार कराव्यात, काही छपरावर दक्षिणेकडे तोंड करून आणि काही खताच्या गोदामात टांगाव्यात, आणि दर महिन्याला चऱ्यापासून गंज किती मिलिमीटर सरकला ते वहीत नोंदवावे. त्याच वहीत त्या खेपेच्या शेवटच्या खळखळाचा आकडा, रंगाचा सामू, पत्र्याचे तापमान आणि सुक्या थराची जाडी लिहिलेली असेल, तर वर्षभराने दोष कोणत्या पायरीवर शिरला ते पान उलटून सांगता येते.

यंत्र जोडताना पान्याने बोल्टभोवतीचा रंग खरवडला जातो, म्हणून जोडणीनंतर त्याच प्रायमरचा ब्रशचा हात फिरवावा. दुघटकी रंग असेल तर यासाठी लहानसे ताजे मिश्रण करावे, सकाळचे उरलेले वापरू नये. पेटीच्या तळाशी निचऱ्याचे एक छिद्र ठेवावे आणि त्याची कड आतूनही रंगवावी. झाकणाच्या आतल्या बाजूला, पुसले जाणार नाही अशा मराठी अक्षरांत छापावे : पेरणी संपताच खत पूर्ण काढा, पेटी धुवा, झाकण उघडे ठेवून वाळवा.